मोटारसायकलचा ऑइल फिल्टर बसवणे: किती आवळायचा आणि का?

या पाठाचा विषय दिसायला लहान आहे. ऑइल फिल्टर बदलणे हे अर्ध्या-पाऊण तासाचे काम आहे आणि त्याला महागडी हत्यारे लागत नाहीत. वसतिगृहाच्या आवारात अनेक जण ते स्वतः करतात. तरी या कामात होणाऱ्या दोन चुका फार महागात पडतात. फिल्टर ढिला राहिला तर दाबाखालचे ऑइल बाहेर येते. बऱ्याच गाड्यांत ते थेट मागच्या टायरवर उडते आणि पुढच्याच वळणावर टायरची पकड सुटते. फिल्टर किंवा त्याचे झाकण गरजेपेक्षा जास्त आवळले तर ॲल्युमिनियमच्या क्रँककेसचे आटे जातात आणि शंभर-दोनशे रुपयांच्या कामासाठी इंजिन उघडायची वेळ येते.

मेकॅनिक सांगतात, "हाताला कळतं." ते खोटे नाही. पण त्या हाताला जे कळते त्यामागे घर्षण, दाब आणि आट्यांची भूमिती आहे. ती समजून घेतली तर पहिल्याच वेळी काम नीट करता येते.

या पाठानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता आल्या पाहिजेत

- आपल्या गाडीत कोणत्या प्रकारचा फिल्टर आहे ते ओळखणे.
- फिल्टरच्या रबरी रिंगला ऑइल का लावतात हे आकड्यांनिशी सांगणे.
- स्पिन-ऑन फिल्टर आणि झाकणाखालचा फिल्टर योग्य क्रमाने बसवणे.
- गळती दिसली तर "अजून थोडे आवळू" हा मोह टाळून खरे कारण शोधणे.

पूर्वतयारी म्हणून अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रातील बल, दाब, घर्षण आणि टॉर्क एवढ्या कल्पना पुरतील.

१. फिल्टरचे काम आणि त्याची जागा

इंजिनाच्या तळाशी साठलेले ऑइल आधी एका जाळीतून जाते. ही जाळी मोठे कण अडवते. तिथून पंप ते उचलतो आणि दाबाने फिल्टरकडे पाठवतो. फिल्टरच्या कागदी घड्यांतून गाळलेले ऑइल बारीक वाहिन्यांमधून क्रँकशाफ्ट, पिस्टन आणि वरच्या कॅमशाफ्टपर्यंत पोहोचते, आणि तिथून खाली गळून पुन्हा तळाशी येते.

बहुतेक मोटारसायकलींमध्ये हेच ऑइल गिअरबॉक्स आणि क्लचलाही पुरवलेले असते. क्लचच्या प्लेटांची झीज, गिअरच्या दातांवरून सुटणारे धातूचे कण आणि ज्वलनातली काजळी हे सगळे त्यात मिसळते. म्हणून मोटारसायकलच्या फिल्टरवर कारच्या फिल्टरपेक्षा वेगळा भार असतो. मोटारसायकलसाठी 'जासो एमए' किंवा 'एमए२' अशी खूण असलेले ऑइल सांगितले जाते तेही याच कारणामुळे. ऑइलमध्ये बुडालेला क्लच घसरू नये, एवढे घर्षण ते ऑइल राखते.

फिल्टर भरून गेला तर इंजिन कोरडे पडू नये म्हणून एक बायपास झडप दिलेली असते. काही रचनांत ती इंजिनात असते, तर काहींत फिल्टरच्या आतच. तेव्हा "आटे जुळतात, मग चालेल" असे म्हणून दुसराच फिल्टर लावू नका. आटे जुळले तरी आतली झडप वेगळ्या दाबाला उघडणारी असू शकते, किंवा मुळात नसूही शकते.

२. तुमच्या गाडीत कोणता प्रकार आहे?

भारतातल्या रस्त्यांवर प्रामुख्याने तीन रचना दिसतात.

*पहिली: अपकेंद्री फिल्टर आणि जाळी.* हिरो स्प्लेंडरसारख्या छोट्या इंजिनांत बदलायचा कागदी फिल्टर नसतो. क्रँकशाफ्टवर फिरणाऱ्या एका चकतीत ऑइल येते आणि जड कण बाहेरच्या बाजूला फेकले जाऊन तिथेच चिकटतात. तळाची जाळी उरलेले काम करते. ही गाडी असेल तर दुकानात जाऊन "फिल्टर द्या" म्हणू नका. ठरलेल्या अंतरानंतर जाळी आणि चकती साफ करायची असते.

*दुसरी: झाकणाखालचा कागदी फिल्टर.* रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० आणि केटीएम ३९० ड्यूक ही याची परिचित उदाहरणे. इंजिनातच एक पोकळी असते. तिच्यात कागदी फिल्टर बसतो आणि वर छोट्या बोल्टांनी झाकण लावलेले असते. झाकणाला गोल रबरी ओ-रिंग असते.

*तिसरी: स्पिन-ऑन फिल्टर.* रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर ६५० आणि अनेक जपानी बनावटीच्या मोठ्या गाड्यांमध्ये हा असतो. पत्र्याच्या डब्यातच कागद, झडपा आणि रबरी गॅस्केट बसवलेले असते. इंजिनावरच्या आटे पाडलेल्या नळीवर हा डबा फिरवून घट्ट करतात आणि जुना झाला की पूर्ण डबाच बदलतात.

आवळण्याचे शास्त्र दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात पूर्णपणे वेगळे आहे. दोघांची सरमिसळ केल्यानेच बऱ्याच चुका होतात.

३. स्पिन-ऑन फिल्टर: रबर किती दाबले गेले हे महत्त्वाचे

फिल्टर फिरवत नेला की त्याचे गॅस्केट इंजिनाच्या सपाट पृष्ठभागाला टेकते. तिथून पुढे तुम्ही जितके फिरवाल तितके रबर दाबले जाते. ऑइल अडते ते या दाबलेल्या रबरामुळे. आट्यांचे काम फक्त डबा धरून ठेवण्याचे असते.

एक उदाहरण घेऊ. अनेक जपानी गाड्यांच्या फिल्टरला एम २० × १.५ मापाचे आटे असतात. म्हणजे व्यास २० मिमी आणि पिच १.५ मिमी. एका पूर्ण फेऱ्यात फिल्टर १.५ मिमी पुढे सरकतो. मग पाऊण फेऱ्यात किती?

०.७५ × १.५ = १.१२५ मिमी

म्हणजे गॅस्केट टेकल्यानंतर पाऊण फेरा दिला की रबर साधारण १.१ मिमी दाबले जाते. अनेक फिल्टरांच्या डब्यावर "टेकल्यानंतर पाऊण फेरा" किंवा तशीच सूचना छापलेली असते, तिचा अर्थ हा. या पद्धतीत घर्षणाचा प्रश्नच येत नाही, कारण आट्यांची पिच ठरलेली आहे. फेरा मोजला की दाब आपोआप ठरतो.

काही कंपन्या फेऱ्याऐवजी टॉर्क सांगतात. जपानी गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये स्पिन-ऑन फिल्टरसाठी सुमारे १७ ते २६ न्यूटन-मीटर या पट्ट्यातले आकडे आढळतात. तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. इथे मात्र घर्षण आडवे येते. ते कसे, ते पुढच्या भागात पाहू.

४. गॅस्केटला ऑइल का लावायचे?

"नव्या फिल्टरच्या रबरावर बोटाने थोडे ऑइल फिरवा" ही सूचना सगळे ऐकतात. बरेच जण ती शिष्टाचार म्हणून पाळतात आणि घाई असली की सोडून देतात. ती किती महत्त्वाची आहे ते मोजून पाहू. खालचे घर्षणांक समजण्यासाठी गृहीत धरलेले आहेत. प्रत्यक्षात ते रबर आणि पृष्ठभागानुसार बदलतील.

समजा गॅस्केटचा सरासरी व्यास ६० मिमी, म्हणजे त्रिज्या ३० मिमी आहे. तुम्ही लावलेला टॉर्क दोन ठिकाणी खर्च होतो: आट्यांमध्ये आणि गॅस्केटच्या घर्षणात. आट्यांचा वाटा साधारण २ मिमी एवढ्या 'भुजे'इतका धरू. गॅस्केटचा वाटा म्हणजे घर्षणांक × त्रिज्या.

ऑइल लावलेले गॅस्केट, घर्षणांक ०.२ धरून:
०.२ × ३० = ६ मिमी; एकूण ६ + २ = ८ मिमी

कोरडे गॅस्केट, घर्षणांक ०.८ धरून:
०.८ × ३० = २४ मिमी; एकूण २४ + २ = २६ मिमी

आता दोन्ही वेळी टॉर्क रेंच २० न्यूटन-मीटरवर लावली असे समजू. गॅस्केटवर पडणारे बल म्हणजे टॉर्क भागिले एकूण भुजा.

ऑइल लावलेले: २० ÷ ०.००८ = २५०० न्यूटन
कोरडे: २० ÷ ०.०२६ = सुमारे ७७० न्यूटन

रेंचने दोन्ही वेळा तोच 'टक' आवाज केला, हाताला तेवढाच जोर लागला, पण दुसऱ्या वेळी गॅस्केट एक तृतीयांशापेक्षाही कमी बलाने दाबले गेले. उरलेला जोर रबर घासण्यात गेला.

याचा गळतीशी संबंध असा. गॅस्केटची रुंदी ५ मिमी धरली तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ९४० चौरस मिमी होते. स्पर्शाच्या जागी दाब किती?

ऑइल लावलेले: २५०० ÷ ९४० = सुमारे २.७ न्यूटन प्रति चौरस मिमी
कोरडे: ७७० ÷ ९४० = सुमारे ०.८ न्यूटन प्रति चौरस मिमी

आतल्या ऑइलचा दाब ५ बार असेल तर तो ०.५ न्यूटन प्रति चौरस मिमी होतो. रबराचा स्पर्शदाब ऑइलच्या दाबापेक्षा जास्त असेल तोवरच गळती थांबते. पहिल्या स्थितीत पाचपटीहून जास्त सुरक्षितता आहे, दुसऱ्या स्थितीत जेमतेम दीडपट. मनालीतल्या थंड पहाटे ऑइल दाट असते आणि गाडी सुरू होताक्षणी दाब वर जातो. अशा वेळी ही दीडपट पुरेलच याची खात्री देता येत नाही.

शिवाय कोरडे रबर फिरताना पृष्ठभागाला चिकटते, पिळले जाते आणि कधी खाचेतून बाहेर येते. पुढच्या वेळी फिल्टर काढताना तेच रबर इंजिनावर चिकटून राहते. त्यातून येणारे संकट सातव्या भागात पाहू.

५. झाकणाखालचा फिल्टर: इथे जोर लावून फायदा नाही

झाकणाच्या रचनेत ओ-रिंग एका खाचेत बसते. बोल्ट आवळले की झाकणाचा धातू इंजिनाच्या धातूला टेकतो. ओ-रिंग किती दाबली जाईल हे खाचेच्या खोलीवर ठरते, बोल्टाच्या जोरावर नाही. धातूला धातू टेकल्यावर पुढे कितीही आवळले तरी ओ-रिंग आणखी दाबली जात नाही.

आता बोल्टाकडे पाहू. अशा झाकणांना बहुधा एम ६ मापाचे बोल्ट असतात आणि त्यांचा टॉर्क साधारण १० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. बोल्टातला ताण काढायचे ढोबळ सूत्र असे:

बल = टॉर्क ÷ (गुणांक × व्यास)

कोरड्या आट्यांसाठी गुणांक ०.२ धरला तर:
१० ÷ (०.२ × ०.००६) = सुमारे ८३०० न्यूटन

एका छोट्या बोल्टात साडेआठशे किलो वजनाएवढे बल! असे तीन बोल्ट म्हणजे सुमारे २५,००० न्यूटन. उलट, ६० मिमी व्यासाच्या झाकणावर ५ बार दाबाचे ऑइल बाहेरच्या दिशेने किती ढकलते? क्षेत्रफळ सुमारे २८२७ चौरस मिमी, म्हणजे बल सुमारे १४०० न्यूटन. बोल्ट गरजेच्या कितीतरी पट धरून ठेवतात. म्हणून झाकणातून ऑइल झिरपत असेल तर कारण बोल्ट ढिले असणे क्वचितच असते. ओ-रिंग जुनी असते, चिमटलेली असते, खाचेत कचरा असतो किंवा झाकण वाकडे बसलेले असते.

आता कोणी २०० मिमी लांबीचा पाना घेऊन टोकाला १०० न्यूटन, म्हणजे साधारण १० किलो वजनाएवढा जोर लावला तर काय होईल?

१०० × ०.२ = २० न्यूटन-मीटर

म्हणजे दुप्पट टॉर्क आणि बोल्टात सुमारे १६,७०० न्यूटन बल. ८.८ दर्जाचा एम ६ बोल्ट कायमचा न ताणला जाता साधारण ११,६०० न्यूटनपर्यंत सहन करतो. म्हणजे बोल्ट ताणला जाईल किंवा त्याआधीच ॲल्युमिनियमचे आटे निघून येतील. हाताला आधी बोल्ट घट्ट होताना जाणवतो, मग अचानक लोण्यासारखा फिरायला लागतो. तो क्षण ज्याने अनुभवला त्याला पुन्हा सांगावे लागत नाही.

एक गोष्ट आणखी. बोल्टाच्या आट्यांना ऑइल लागले असेल तर गुणांक ०.१५ च्या आसपास येतो. मग त्याच १० न्यूटन-मीटरला बल ११,१०० न्यूटनपर्यंत जाते, म्हणजे थेट मर्यादेजवळ. त्यामुळे मॅन्युअलमध्ये ऑइल लावा असे लिहिले नसेल तर या बोल्टांचे आटे पुसून कोरडे करा. लक्षात घ्या: स्पिन-ऑनच्या *गॅस्केटला* ऑइल लावायचे, आणि झाकणाच्या *बोल्टांना* सांगितल्याशिवाय लावायचे नाही. ओ-रिंगला मात्र ऑइलचा हलका हात द्यायचा, म्हणजे ती बसवताना चिमटत नाही.

६. प्रत्यक्ष कृती

*तयारी.* गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन तीन-चार मिनिटे चालवून कोमट करा, म्हणजे ऑइल पातळ होऊन नीट निथळते. मग बंद करून काही मिनिटे थांबा. सायलेन्सर आणि ऑइल दोन्ही भाजण्याइतके गरम असू शकतात. खाली घमेले किंवा जुना टब ठेवा. हातमोजे घाला. नवा फिल्टर, नव्या ओ-रिंग, ड्रेन बोल्टचा नवा वायसर, योग्य ऑइल, नरसाळे आणि स्वच्छ फडके आधीच हाताशी असू द्या. अर्धे काम झाल्यावर ओ-रिंग आणायला दुकानात जावे लागले की माणूस जुनीच लावून मोकळा होतो.

*ऑइल काढणे.* वरचे भरण्याचे झाकण सैल करा, खालचा ड्रेन बोल्ट उघडा, सगळे ऑइल निथळू द्या. वायसर नवा घालून बोल्ट लावा. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर एकदाच दाबला जाण्यासाठी असतो.

*स्पिन-ऑन फिल्टर.*

१. फिल्टर पान्याने जुना फिल्टर सैल करा आणि हाताने काढा.

२. जुन्या फिल्टरवर त्याचे गॅस्केट आहे ना, हे डोळ्यांनी पाहा. नसेल तर ते इंजिनावर चिकटले आहे. ते काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

३. इंजिनावरचा सपाट पृष्ठभाग स्वच्छ फडक्याने पुसा. बोट फिरवून खडबडीतपणा किंवा कचरा नाही याची खात्री करा.

४. जुना आणि नवा फिल्टर शेजारी ठेवा. गॅस्केटचा व्यास, आटे आणि उंची जुळते का, आणि गाडीच्या मॉडेलसाठी सांगितलेला क्रमांकच आहे का, हे तपासा.

५. नव्या गॅस्केटवर ताज्या ऑइलचा पातळ थर लावा.

६. फिल्टर *फक्त हाताने* फिरवा. पहिले तीन-चार फेरे अगदी सहज गेले पाहिजेत. अडखळले तर उलटे फिरवून पुन्हा सुरू करा. आटे वाकडे लागले असतील तर पाना ते सरळ करत नाही, कापून टाकतो.

७. गॅस्केट टेकल्याचे हाताला कळेल. तिथे फिल्टरवर आणि इंजिनावर मार्करने समोरासमोर खूण करा.

८. खुणेपासून डब्यावर किंवा मॅन्युअलमध्ये सांगितले तेवढाच फेरा द्या, किंवा टॉर्क रेंचने सांगितलेला आकडा गाठा. दोन्ही करू नका. एकच पद्धत पाळा.

*झाकणाखालचा फिल्टर.*

१. झाकणाचे बोल्ट थोडे थोडे, समोरासमोरच्या क्रमाने सैल करा. आत स्प्रिंग असेल तर झाकण एकदम उडू शकते.

२. काढताना प्रत्येक भागाचा क्रम आणि दिशा मोबाइलवर टिपून ठेवा. हा फोटो जोडताना फार उपयोगी पडतो.

३. पोकळी पुसा. आतली आणि बाहेरची, अशा दोन ओ-रिंग असतील तर दोन्ही बदला. आतली लहान रिंग अनेकदा विसरली जाते.

४. फिल्टरची दिशा तपासा. काही फिल्टरांची एक बाजू बंद असते. काहींवर कोणती बाजू बाहेर यायला हवी ते छापलेले असते. उलटा बसलेला फिल्टर ऑइलची वाट अडवू शकतो. तसे झाले तर इंजिन काही मिनिटांत कायमचे बिघडते. या संपूर्ण कामातली ही सर्वांत गंभीर चूक आहे, आणि बाहेरून ती दिसत नाही.

५. झाकण हाताने सपाट दाबून बसवा. ते हाताने पूर्ण बसत नसेल तर बोल्टांनी ओढून आणू नका. आत काहीतरी चुकले आहे.

६. सगळे बोल्ट बोटांनी लावा, मग समोरासमोरच्या क्रमाने दोन-तीन टप्प्यांत सांगितलेल्या टॉर्कपर्यंत आवळा.

*सुरू करणे आणि तपासणे.* मॅन्युअलमध्ये *फिल्टरसह बदल* म्हणून दिलेल्या मापाचे ऑइल भरा. गाडी सुरू करून संथ गतीवर ठेवा, रेस देऊ नका. ऑइल दाबाचा लाल दिवा असेल तर तो काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर लगेच इंजिन बंद करा. विझला तर एक-दोन मिनिटे चालू ठेवून फिल्टरभोवती टॉर्चने पाहा. मग बंद करा, दोन-तीन मिनिटे थांबा आणि पातळी तपासा. रिकाम्या फिल्टरने थोडे ऑइल घेतलेले असते, म्हणून पातळी खाली गेलेली दिसेल, तेवढे भरा.

शेवटी इंजिन, सायलेन्सर आणि मागचा टायर पुसून कोरडा करा. पहिल्या पाच-दहा किलोमीटरनंतर थांबून पुन्हा एकदा पाहा. मागे कुणाला बसवायचे असेल तर ही तपासणी झाल्यानंतरच.

७. गळती दिसली तर: आवळण्याआधी विचार

*दोन गॅस्केट एकावर एक.* जुने गॅस्केट इंजिनावर राहिले आणि नवा फिल्टर त्यावर लावला, तर सुरुवातीला सगळे ठीक वाटते. फिल्टर घट्टही लागतो. पण ऑइलने माखलेल्या दोन रबरांचा थर दाबाखाली बाजूला सरकतो आणि ऑइल झिरपत नाही, उसळून बाहेर येते. चालत्या गाडीत हे झाले तर टायर आणि इंजिन दोन्ही धोक्यात येतात. उपाय: इंजिन लगेच बंद, फिल्टर काढा, जुने रबर काढा.

*हळूहळू झिरपणे.* आधी पूर्ण पुसा आणि पुन्हा पाहा. बऱ्याचदा ते फिल्टर काढताना सांडलेलेच ऑइल असते. खरेच झिरपत असेल तर फिल्टर काढून गॅस्केट आणि पृष्ठभाग तपासा.

*ड्रेन बोल्टमधून थेंब.* जुना वायसर पुन्हा वापरला, किंवा दोन वायसर लागले.

*बोल्ट घट्टच होत नाही.* आटे गेले आहेत. लांब बोल्ट, टेफ्लॉन टेप किंवा एम-सील लावून गाडी रस्त्यावर नेऊ नका. आटे दुरुस्त करण्यासाठी तारेचे किंवा धातूचे इन्सर्ट बसवता येते आणि चांगला टर्नर ते थोड्या खर्चात करतो.

८. टॉर्क रेंचबद्दल तीन सूचना

पहिली, एकक तपासा. जुन्या मॅन्युअलमध्ये किलोग्रॅम-बल मीटर असते. १ म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर. परदेशी मॅन्युअलमध्ये पाउंड-फूट असते. २० पाउंड-फूट म्हणजे सुमारे २७ न्यूटन-मीटर. दुसरी, मोठ्या गाड्यांच्या चाकांसाठी असलेली रेंच १० न्यूटन-मीटरसाठी वापरू नका. तिच्या पट्ट्याच्या तळाशी ती भरवशाची नसते. तिसरी, 'टक' असा आवाज आला की थांबा. खात्रीसाठी दुसऱ्यांदा ओढणे म्हणजे टॉर्क वाढवणे.

रेंच नसेल तर आखूड पाना वापरा आणि तो मुठीत न धरता बोटांनी धरा. १०० मिमीच्या पान्यावर १० न्यूटन-मीटरसाठी १०० न्यूटन लागतात, म्हणजे १० किलोची पिशवी उचलण्याएवढे. पाना जितका लांब, तितका फसवा.

९. जुने ऑइल

वापरलेले ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. भारतात २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते. ते नव्या ऑइलच्या रिकाम्या डब्यात भरा, फिल्टर रात्रभर उलटा ठेवून निथळू द्या आणि दोन्ही जवळच्या गॅरेजमध्ये द्या. तिथून ते पुनर्वापर करणाऱ्यांकडे जाते.

सारांश

स्पिन-ऑन फिल्टरमध्ये रबर किती दाबले गेले यावर सगळे ठरते. म्हणून गॅस्केटला ऑइल लावा आणि फेरा मोजा. झाकणाखालच्या फिल्टरमध्ये खाच आणि ओ-रिंग काम करतात. म्हणून ओ-रिंग नवी घाला, दिशा तपासा आणि बोल्ट मापात आवळा. गळती हे बहुतेक वेळा बसवण्यातली चूक झाल्याचे लक्षण असते, जोर कमी पडल्याचे नव्हे.

स्वाध्याय

१. एका फिल्टरच्या आट्यांची पिच १.५ मिमी आहे. गॅस्केट टेकल्यावर तो १.५ मिमी दाबायचा असेल तर किती फेरे द्यावे लागतील? टेकण्याची खूण पाव फेरा उशिरा केली तर प्रत्यक्षात किती दाबले जाईल? (उत्तर: १ फेरा, सुमारे १.९ मिमी)

२. चौथ्या भागातील उदाहरणात ऑइल लावलेल्या गॅस्केटचा घर्षणांक ०.२ ऐवजी ०.३ धरा. २० न्यूटन-मीटरला बल किती येईल? (उत्तर: सुमारे १८२० न्यूटन)

३. तुमच्या मित्राच्या गाडीच्या फिल्टरच्या झाकणातून ऑइल झिरपते आहे. उद्या पहाटे तुम्हा दोघांना तीनशे किलोमीटर जायचे आहे. तो म्हणतो, "बोल्ट अर्धा फेरा अजून आवळू, होईल." पाचव्या भागातील आकडे वापरून त्याला काय समजावाल ते पाच-सहा वाक्यांत लिहा, आणि निघण्यापूर्वी कोणत्या चार गोष्टी तपासाल त्या क्रमाने सांगा.

४. आपल्या किंवा शेजाऱ्यांच्या मोटारसायकलचे मॅन्युअल मिळवून फिल्टरचा प्रकार, ड्रेन बोल्टचा टॉर्क, फिल्टर किंवा झाकणाचा टॉर्क आणि फिल्टरसह बदलताना लागणारे ऑइल यांची नोंद करा. हा कागद गाडीच्या साधनपेटीत ठेवा.